दिवाळी अंकातल्या कथा: कुठला अंक विकत घ्यावा, कुठला वाचनालयातून आणावा

नावाजलेला दिवाळी अंक आता ३०० ते ५०० रुपयांच्या घरात पडतो. कथांसाठी अंक घ्यायचा तर मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेतली मोठी नावं यांवर जाऊ नका. कुठल्याही एका कथेचं पहिलं पान आणि मधलं एक पान दुकानात उभ्याउभ्याच वाचून बघा. विक्रेते कुरकुरतात, पण हाकलत नाहीत.

हिशेब सोपा आहे. नेहमीच्या आकाराच्या अंकात दोन रकान्यांच्या पानावर साडेचारशे ते पाचशे शब्द बसतात. म्हणजे तीन हजार शब्दांची कथा चित्रासकट सात पानं खाते. जाहिराती, लेख, कविता, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य वजा जाता कथांना ऐंशी पानं उरली तर अकरा-बारा कथा मिळाल्या. त्यातल्या चार लक्षात राहिल्या तर अंक वसूल. सहा राहिल्या तर तो अंक जपून ठेवा, असं दरवर्षी होत नाही.

रहस्य, गूढ आणि साहसकथा हव्या असतील तर पहिली नावं 'धनंजय' आणि 'नवल'चीच निघतात. 'धनंजय' १९६१पासूनचा. 'नवल' हे 'हंस' आणि 'मोहिनी'चं भावंड, तिन्ही अनंत अंतरकरांनी उभे केलेले. या अंकांचा वाचक पक्का असतो आणि तक्रारीही नेमक्या करतो. त्यातली पहिली तक्रार लेखकाबद्दल नसून चित्राबद्दल असते. कथेच्या पहिल्याच पानावर विहिरीच्या काठाशी उभी पांढऱ्या साडीतली बाई काढली, की सातव्या पानावरचा धक्का तिथेच संपतो. चौकटीत मोठ्या अक्षरांत छापलेलं वाक्यही तेच करतं, कारण मांडणी करणारा सगळ्यात खमंग वाक्य उचलतो आणि ते नेमकं शेवटाजवळचं असतं. गूढकथा वाचताना चित्रावर हात ठेवायची सवय अनेकांना लागलेली आहे, ती उगाच नाही.

रहस्यकथेची परीक्षा वाचून झाल्यावर होते. शेवट कळल्यावर लगेच मागे जा. गुन्हेगार पहिल्या दोन-अडीच पानांत येऊन गेला होता का? ज्या खुणेवर उलगडा झाला, ती खूण आपल्या डोळ्यांसमोरून गेली होती का? सहाव्या पानावर अचानक अमेरिकेतला जुळा भाऊ उगवला, तर ती फसवणूक आहे. तपशिलातही लेखक घसरतात. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागतं, तरी यंदाच्या दिवाळीत घडणाऱ्या कथेतला इन्स्पेक्टर मिशीला पीळ देत 'तीनशे दोन लावीन' म्हणत असतो. बोलण्यातली जुनी सवय म्हणून एकदा सोडून देता येईल. आरोपपत्रातही तेच आलं, तर लेखकाने चौकशी केलेली नाही असं समजावं.

भयकथेचं दुखणं वेगळं. ती बिघडते ती शेवटच्या दहा ओळींत. 'अहो, पण जोशीकाका तर मागच्याच वर्षी गेले!' या वाक्यावर संपणाऱ्या कथा इतक्या वाचून झाल्यात, की कथेत एकटे जोशीकाका दिसले तरी वाचक त्यांना हार घालून मोकळा होतो. दुसरा दोष स्पष्टीकरणाचा: वाडा, शाप, पूर्वीची सून, सगळं शेवटी एखादा गुरुजी दीड पान बोलून सांगतो. भीती तिथेच विरते. चांगली भयकथा अडीच-तीन हजार शब्दांत आटोपते आणि एक गोष्ट न सांगता सोडते. उद्गारचिन्हं मोजून बघा. एका पानावर आठ-दहा दिसली तर पुढे जायला हरकत नाही.

विज्ञानकथा निवडताना लेखकाचं नाव झाकून वाचण्याचा उपाय सगळ्यात कामाचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. पाठवणारे होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहून घेतलेली. परीक्षकांनी कथा वाचली, नाव नाही. आजच्या अंकांत उलट होतं. कथा 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या शब्दाने सुरू होते, पहिली दोन पानं माहितीपत्रकासारखी जातात आणि मग यंत्रमानव प्रेमात पडतो. वाचताना एकच बघा: विज्ञानाची कल्पना काढून टाकली तर कथा उभी राहते का? राहत असेल, तर ती विज्ञानकथा नव्हेच, साधी कौटुंबिक कथा आहे आणि फ्रिजऐवजी त्यात रोबो ठेवलाय.

ग्रामीण कथेला वाचक सगळ्यात कडक असतात, आणि ते बरोबर आहे. कोकणातला असो की वऱ्हाडातला, कथेतला प्रत्येक गावकरी 'म्या', 'लई' आणि 'व्हय जी'च बोलतो. ही सिनेमातून आलेली भाषा. वऱ्हाडी माणूस 'मले-तुले' आणि 'काहून' म्हणेल, मालवणी 'माका-तुका' आणि 'खंय', मराठवाड्यात 'मपलं-तुपलं' ऐकू येईल. कथेत गावाचं नाव दिलंय आणि बोली दुसऱ्याच जिल्ह्याची आहे, असं दिसलं की त्या भागातला वाचक तिथेच पान उलटतो. शेतीचंही तसंच. हुरडा ऐन थंडीत, मार्गशीर्ष-पौषात येतो. वैशाखात पाहुण्यांना हुरडा खायला घालणारा लेखक शिवारात गेलेला नसतो.

विनोदी अंकांत १९५१पासूनच्या 'आवाज'ची ओळख म्हणजे खिडकीचित्रं. कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसतं आणि पान उलटलं की निरागस निघतं. चांगली विनोदी कथाही याच तंत्राने चालते, पण ती जमणारे हात थोडे. गैरसमजावर उभारलेली कथा मोबाइलने जवळजवळ मारली. एक फोन केला तर सगळा गोंधळ मिटेल, हे वाचकाला तिसऱ्या परिच्छेदात कळतं आणि पात्रांना सहाव्या पानापर्यंत कळत नाही.

अनुवादित कथांच्या तळाशी बारीक अक्षरांत 'स्वैर रूपांतर' किंवा 'आधारित' छापलेलं असतं. नसलं तरी कळतं. मराठी माणूस खांदे उडवत नाही; कथेतल्या कुलकर्ण्यांनी तीनदा खांदे उडवले, की मूळ कथा कुठली ते विचारावं लागत नाही.

लहान मुलांसाठी बालभारतीचा 'किशोर' आणि 'साधना'चा बालकुमार अंक घ्या. स्वस्त असतात आणि मुलांशी लाडेलाडे बोलत नाहीत. 'अलक', म्हणजे अति लघु कथा, पानाच्या तळाची मोकळी जागा भरायला बऱ्या. त्यांच्यासाठी अंक घेऊ नये.

आता विकत काय घ्यायचं ते. रहस्य आणि भयाचे अंक वाचनालयातून आणावेत. दिवाळीत बरीच खासगी वाचनालयं ठरावीक वर्गणीत दोन-तीन महिने अंक बदलून देतात; एकदा शेवट कळला की घरी जागा अडवायची गरज नाही. 'मौज', 'हंस' यांसारख्या वाङ्मयीन अंकांसाठी पैसे मोजावेत. त्यातली शेवट उघडा सोडणारी कथा पहिल्या वाचनात 'मग पुढे काय?' म्हणून चिडवते आणि महिन्याभराने पुन्हा काढावीशी वाटते. असा अंक वाचनालयाच्या मुदतीत वाचून होत नाही.

घेताना बांधणी तपासा. कणा नुसत्या गोंदाने चिकटवलेला असेल तर अंक पूर्ण उघडून पालथा ठेवू नका, मधली पानं सुटतात. कथा 'पान अमुकवर पुढे चालू' अशी मागे फेकली असेल तर सुटलेल्या पानांबरोबर शेवटही जातो. मोबाइलवर पीडीएफ घेणाऱ्यांनी आधी नमुना पान मागावं. दोन रकान्यांचं पान छोट्या पडद्यावर खाली, वर आणि पुन्हा खाली सरकवत वाचावं लागतं, गूढकथेत तर हमखास चुकून शेवटची ओळ आधी दिसते. अक्षर मोठं करता येणारं ई-पुस्तक असेल तरच घ्या.

थांबायची तयारी असेल तर फेब्रुवारीनंतर तेच अंक जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्याहून कमी दरात मिळतात. तिथे घेताना प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं पान जागेवर आहे ना, एवढं बघा. बहुधा असतं. गुन्हेगाराच्या नावाखाली पेनाने रेघ मात्र आधीच्या वाचकाने ओढलेली असते.