बिचकणाऱ्या घोडीसाठी ट्रेलर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या गावाहून तिवसा किंवा अमरावतीकडे वरातीसाठी घोडी न्यायची, तर आजवर पिकअपशिवाय पर्याय नव्हता. आमची मैना सात वर्षांची काठेवाडी घोडी आहे. अंगणात लेकरे तिच्या पोटाखालून गेली तरी ती जागची हलत नाही. मात्र पिकअप सुरू झाली की दहा मिनिटांत तिची मान घामाने भिजत असे आणि ती पातळ लीद टाकू लागे. गेल्या वर्षी तळेगावच्या पुढे एका वळणावर ती गुडघ्यांवर कोसळली आणि दोन्ही गुडघे सोलले गेले. त्यानंतर आम्ही ट्रेलर बांधून घेतला. दसऱ्याला तो दारात आला आणि मे अखेरपर्यंत त्याच्या चाळीसेक फेऱ्या झाल्या आहेत.

घोडी गाडीला भिते, तेव्हा जागा जितकी आवळ आणि गादी जितकी जाड तितके तिला बरे वाटेल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. ब्रेक लागला की तो आणखी पुढे सरकतो, वळणावर बाजूला जातो, आणि तोल सावरायला पाय फाकवून उभे राहण्यावाचून त्या जनावराला दुसरा मार्ग नसतो. मैनेला खरी भीती होती ती पडण्याची.

ज्या कारखान्यात ट्रेलर बांधला, तिथे दोन घोड्यांमधला आडपडदा थेट तळापर्यंत पत्र्याचा दिला होता. फेऱ्या सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे मैना त्यावर लाथा झाडत राहिली. शेवटी आत मोबाईल बांधून चित्रण केले, तेव्हा दिसले की प्रत्येक वळणावर तिचा मागचा पाय बाहेर सरकतो, पत्र्याला अडतो आणि मग ती घाबरून पत्र्यावरच पाय चढवू पाहते. तळापासून दोन फूट पत्रा कापून तिथे जाड रबराचा पडदा लावला. त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत लाथांचा आवाज जवळजवळ बंद झाला. ट्रेलर पाहायला जाणाऱ्याने रंग आणि दिवे पाहण्याआधी आडपडद्याची खालची कड पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी चूक पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची होती. मालवाहू ट्रॉलीचे कडक पाटे लावल्यामुळे पावणेचारशे किलोच्या घोडीखाली ट्रेलर नुसता उडत असे. पाटे कमी करून टायरमधील हवा बेताची ठेवल्यावर आमच्या रस्त्यांवरचे दणके बरेच कमी झाले. तळाला लाकडी फळ्या आणि वर रबरी चटई आहे. महिन्यातून एकदा चटई उचलून फळ्यांना टोच्याने टोचून पाहावे लागते, कारण मुतामुळे लाकूड वरून न दिसता आतून कुजते.

आतील उजेडालाही महत्त्व आहे. घोड्याचे डोळे उन्हातून अंधारात जाताना उशिरा सरावतात, म्हणून चढवण्यापूर्वी पुढचे दार आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवतो. सुरुवातीचे पंधरा दिवस ट्रेलर वाड्यात उभा करून मैनेचा चारा आतच दिला. आता ती रॅम्पवरून आपणहून चढते. एकटी असेल तेव्हा तिला उजव्या कप्प्यात घेतो, कारण रस्त्याच्या मधल्या उंचवट्याकडे वजन राहिले की ट्रेलर डाव्या उताराकडे ओढला जात नाही.

दोर बांधण्याबाबत आमच्या सालदार काकांनी एक शिस्त लावली आहे. मागची दांडी लागल्यावरच डोके बांधायचे आणि उतरवताना आधी डोके सोडून मगच दांडी काढायची. कडीला आधी सुतळीचा फास असतो आणि दोर त्या फासात बांधतात, म्हणजे घोडीने जीव खाऊन ओढले तर सुतळी तुटते, मान वाचते. दोर इतका सैल असावा की तिला मान खाली घालता येईल. तासन्‌तास मान वर राहिली तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा आजार जडू शकतो.

एप्रिल-मे मात्र कठीण गेले. पारा ४४-४५ अंशांवर असताना छताचा पत्रा आतून हाताला पोळत होता. आतून प्लायवूड लावले, वरून पांढरा रंग दिला आणि पहाटे चारला निघू लागलो. पाणी घरच्या विहिरीचेच नेतो, कारण परक्या पाण्याला ती तोंड लावत नाही. तिवसा आले की गाडी थांबवून मी आधी तिच्या कानांच्या बुडाशी हात लावून पाहतो. पूर्वी तिथली लव घामाने चिकट झालेली असे; हल्ली बहुतेक वेळा ती कोरडी लागते, आणि मैना माझ्या हाताकडे लक्ष न देता कडबा ओढत राहते.

एक उणीव अजून आहे. मुरमाच्या रस्त्याने जाताना मागच्या उघड्या भागातून धूळ आत ओढली जाते आणि गावी परतल्यावर तिला दोन-तीनदा खोकला येतो. पोळ्याआधी तिथे हवा खेळती राहील असा जाळीदार कापडाचा पडदा शिवून घेणार आहोत.