मानवी लॅक्टेट डिहायड्रोजनेज-ए : बेळगावच्या प्रयोगशाळेतील अनुभव

कर्करोगाच्या पेशींतील चयापचयाच्या अभ्यासासाठी ई. कोलाय जिवाणूत तयार केलेले हे मानवी विकर (एन्झाइम) आम्ही बेळगावात मागवले. पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना एनएडीएच हा प्रकाश शोषणारा साहाय्यक रेणू खर्ची पडतो आणि ३४० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषण घटत जाते. त्या घटीच्या वेगावरून, एनएडीएचचा ६२२० हा मोलर शोषणांक (एक मोलर द्रावणाचे एक सेंटीमीटर जाडीतील प्रकाशशोषण) धरून, आम्ही काढलेली क्रियाशीलता पुरवठादाराच्या प्रमाणपत्राशी उत्तम जुळली. प्रथिने रेणुभारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सुमारे ३७ किलोडाल्टनपाशी एकच ठळक पट्टा दिसला (मूळ विकर चार उपघटकांचे असते, जेलवर ते सुटे होतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे).

तक्रार आहे ती पाठवणीची. जुलैच्या झडीत पहिले पार्सल पोहोचेपर्यंत शुष्क बर्फ संपला होता आणि विकराची निम्मी क्रियाशीलता गेली होती. पुरवठादाराने दुसरी कुपी दिली खरी, पण आमचे दोन आठवडे वाया गेले. कुपी येताच तिचे छोटे भाग करून गोठवावेत, कारण वारंवार वितळवल्याने विकर खराब होते.

किंमत जड आहे. खानापूर-निपाणीकडील महाविद्यालयांना केवळ तत्त्व शिकवायचे असल्यास सशाच्या स्नायूतील स्वस्त विकर पुरते. मानवी विकरावरील अवरोधक (त्याची क्रिया रोखणारे पदार्थ) तपासायचे असतील, तर मात्र हेच घ्यावे.