नातवाचं नाव विचारणारी माणसं

परदेशात, त्यातही इंग्लंडात, कुणा मराठी घरात मूल गेलं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. मूल गमावलेल्या घरांना आधार देणाऱ्या तिथल्या ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ या संस्थेच्या बैठकांना मी लेकीबरोबर पाच महिने गेले.

गेल्या मार्चमध्ये माझा साडेसहा वर्षांचा नातू आजारपणात गेला. साताऱ्याहून मी पोचले तोवर सगळं होऊन गेलं होतं. ओट्यावर त्याची शाळेची पाण्याची बाटली होती, निळी, झाकणाला दातांच्या खुणा. निम्मी भरलेली होती. घरकामाला हात लावावा म्हणून मी ती ओतायला घेतली, तर लेक धावत आली आणि हातातून ओढून घेतली. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, हिचं काही खरं नाही.

गावाकडून फोन यायचे. “तिला समजवा, वय आहे अजून, दुसरं होईल.” माया होती म्हणूनच बोलत होते सगळे. एकदा मीही तेच बोलून गेले. त्या दिवशी लेक जेवली नाही.

जावयांना तिथल्या कायद्याप्रमाणे दोन आठवडे रजा मिळाली. मूल गेलेल्या आईवडिलांना अशी रजा द्यायचा नियम तिथे एप्रिल २०२० पासून आहे. ती संपली, ते कामावर जाऊ लागले आणि घरात आम्ही दोघी उरलो. मग लेकीने एका रात्री संस्थेच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे फोन उचलणारं माणूस स्वतःचं मूल गमावलेलंच असतं. लेक तासभर बोलत होती. कितीतरी दिवसांनी तिचा सलग आवाज ऐकला मी.

बैठक महिन्यातून एकदा, गाडीने पाऊण तासावर, एका साध्या हॉलमध्ये. दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, मध्ये मेणबत्ती, कोपऱ्यात चहा. पैसे घेत नाहीत. कुठल्या धर्माचं काही सांगत नाहीत. मूल दोन दिवसांचं असो नाहीतर चाळीस वर्षांचं, कशानेही गेलेलं असो, यायला मुभा. भावंडं येतात, आजी-आजोबाही.

पहिल्या दिवशी फार जड गेलं, हे आधीच सांगते. आपलंच दुःख पेलवत नाही, त्यात दहा घरांचं ऐकायचं. पण त्याच दिवशी एक बाई म्हणाल्या, मुलाचा ब्रश नऊ वर्षं झाली, अजून बेसिनवरच्या पेल्यात आहे. कुणी त्यांना ‘आता काढून टाका’ म्हणालं नाही. तीन-चार जणांनी नुसत्या माना हलवल्या. परत येताना गाडीत लेक म्हणाली, “आई, बाटली राहू दे हं.” मी म्हटलं, “राहू दे गं.”

माझं इंग्रजी कामापुरतंच. चहाच्या वेळी एक पांढऱ्या केसांच्या आजी माझ्याशेजारी येऊन बसल्या. लेक मध्ये दोघींचं एकमेकींना मराठी-इंग्रजीत सांगत होती. त्यांनी विचारलं, तुम्ही कुणासाठी आलात? मी म्हटलं, लेकीसाठी. त्या म्हणाल्या, आणि नातवासाठी? त्याचं नाव काय? घरात सगळे ते नाव टाळत होतो, लेकीला त्रास नको म्हणून. मी ते मोठ्याने उच्चारलं आणि लेकीसमोर पहिल्यांदा रडले. त्या आजींनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, नीट जमेपर्यंत. (इथे लिहीत नाही, लेकीची तशी इच्छा आहे.)

ही संस्था सुरू झाली तीही अशीच. १९६८ साली कॉव्हेंट्रीच्या एका इस्पितळात दोन मुलं गेली, केनेथ लॉली अपघाताने आणि बिली हेंडरसन कर्करोगाने. तिथले तरुण धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं की या दोन घरांना एकमेकांशी बोलून जो आधार मिळतोय तो आपल्याला देता येत नाही. त्यातून १९६९ मध्ये संस्था उभी राहिली. आज अनेक देशांत तिच्या शाखा आहेत.

एक लक्षात ठेवा, ही माणसं डॉक्टर किंवा समुपदेशक नाहीत. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर गाठा. बाळ पोटात किंवा जन्मल्यावर लगेच गेलं असेल तर तिकडे ‘सँड्स’ नावाची वेगळी संस्था आहे, तीही पाहा. आणि एका बैठकीवर मत बनवू नका, दोन-तीनदा जा. जावई दोन बैठका गप्प बसून होते. तिसऱ्यात बोलले, शेवटच्या रात्रीबद्दल. ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

सप्टेंबरात मी परत आले. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी जगभर आपापल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सातला मेणबत्ती लावतात, गेलेल्या मुलांसाठी. १९९७ पासून हे चालू आहे. मी साताऱ्यात सातला देवापाशी नव्हे, त्याच्या फोटोपाशी निरांजन लावलं. लेकीकडे तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. तिचे सात वाजले तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा. तोवर मी वातीला तूप घालत जागी होते. तिने व्हिडिओ कॉल लावला. मेणबत्तीशेजारी बाटली होती.