इन्सुलिनसाठी मातीची जोडमडकी
एकात एक बसणारी ही दोन मडकी लातूरच्या कुंभाराकडून घेऊन मधल्या फटीत ओली वाळू भरावी, ही युक्ती मला मधुमेह असलेल्या शेजारच्या काकूंनी सांगितली. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि वीजही जाते. अशा वेळी वापरात असलेली, साधारणपणे ३० अंशांखाली ठेवावी लागणारी इन्सुलिनची कुपी बाष्पीभवनामुळे बऱ्यापैकी थंड राहते, मात्र आत थर्मामीटर ठेवून खात्री करावीच. कुपी झाकणाच्या डबीत ठेवल्यास लेबल भिजत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की उपयोग घटतो. न उघडलेल्या कुप्यांना फ्रिजच हवा, तोही बर्फाच्या कप्प्यापासून दूर, कारण गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. मडकी जड असल्याने प्रवासात निरुपयोगी. किंमत मात्र रास्त.