आठ महिन्यांचा वायरलेस माऊस आणि संध्याकाळी सातचा उपद्रव

गेल्या जुलैत ६९९ रुपयांना घेतलेल्या या वायरलेस माऊसविषयी मी तीन महिन्यांपूर्वी लिहायला बसलो असतो, तर पाचांपैकी एक तारा देऊन मोकळा झालो असतो. बटणे, चाक, हातातली बैठक यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सारे ठीक आहे. मला लिहायचे आहे ते कर्सरविषयी.

माझे काम पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आणि पानमांडणीचे असल्याने दिवसाचे आठ-नऊ तास हात माऊसवर असतो. ऑक्टोबरात कर्सर मध्येच थबकू लागला आणि हात बराच पुढे गेल्यावर एकदम उडी मारून त्याला गाठू लागला. एकदा तळटीपेची चौकट ओढत असताना त्याने अशी उडी घेतली, की ती चौकट शेजारच्या पानावरील चित्रावर जाऊन बसली आणि मला ते दुसऱ्या दिवशी प्रूफ हातात आल्यावर कळले.

नेहमीचे उपाय केले. पेन्सिल सेल बदलला. काढलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला, तिथे तो अजून चालतो आहे, म्हणजे दोष त्याचा नव्हता. सेन्सरच्या भिंगापाशी अडकलेला केस चिमट्याने काढला. विंडोजमधील ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढली; हाताच्या वेगानुसार कर्सरची धाव कमी-जास्त करणारी ही सोय बारीक कामात त्रासच देते, परंतु उड्यांशी तिचा संबंध नव्हता. मग टेबलावरच्या काचेवर संशय गेला. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने चिमुकली चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांत काय सरकले यावरून हालचाल ओळखतो. नितळ काचेत त्याला धरायला काही सापडत नाही. म्हणून काचेवर जुन्या दिनदर्शिकेचे छापील पान चिकटवले. दिवसभर कर्सर सुतासारखा सरळ चालला आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

शेवटी माळ्यावरचा जुना, वायरचा माऊस काढून जोडला. तो महिनाभरात एकदाही अडला नाही. यापेक्षा आणखी पुरावा कशाला हवा, असे मानून मी कंपनीशी भांडण मांडले. फोनवर दोनदा ‘ड्रायव्हर अपडेट करा, सर’ एवढेच ऐकल्यावर स्वतःचे ११० रुपये कुरिअरला घालून माऊस सेवा केंद्राकडे पाठवला. सतरा दिवसांनी तो ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह परत आला. त्यावर मी जे पत्र लिहिले, ते आज वाचताना थोडे संकोचल्यासारखे होते.

पुढच्या तक्रारीला आधार हवा, म्हणून मी वहीत वेळा टिपू लागलो: सात वाजून पाच, सात अठरा, सात बावीस. दहा दिवसांत केवळ एका संध्याकाळी नोंद नव्हती, आणि त्या संध्याकाळी माझी एक्स्टर्नल हार्ड डिस्क छापखान्यात दिलेली होती. दसऱ्याला आणलेल्या त्या डिस्कवर रोज सात वाजता दिवसभराच्या कामाची नक्कल आपोआप उतरते. कॅबिनेटच्या मागे निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये डिस्कची केबल आणि तिला खेटूनच माऊसचे निरोप हवेतून ऐकणारा नखाएवढा रिसीव्हर, अशी मांडणी मीच केली होती. पूजेच्या दिवशी दोघांवर झेंडूची फुलेही मीच वाहिली होती.

हा प्रकार नवा नाही. इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात तो मांडून ठेवला आहे. यूएसबी ३.० वरून सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंतच्या वेगाने माहिती धावत असताना जो विद्युत गोंगाट निर्माण होतो, तो २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि बहुतेक वायरलेस माऊस नेमके तिथेच बोलतात. केबल, तिचे टोक आणि डिस्क या तिन्हींतून हा गोंगाट बाहेर पडतो. शेजारचा रिसीव्हर त्यात बहिरा होतो, माऊसचे निरोप गळतात आणि कर्सर अडखळतो. वायरच्या माऊसला हवेतून काही ऐकायचेच नसल्याने तो निर्दोष ठरला, आणि मी त्याच्या साक्षीवर दुसऱ्याला शिक्षा ठोठावली.

रिसीव्हर खालच्या काळ्या पोर्टमध्ये हलवल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. अंतर जेमतेम दोन बोटे वाढले होते. कॅबिनेटचे पुढचे पोर्ट केव्हाच सैल झालेले. मग ९० रुपयांची एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल आणून रिसीव्हर टेबलाच्या कडेला, माऊसपासून वीतभर अंतरावर चिकटपट्टीने बसवला. त्या संध्याकाळी नक्कल सुरू झाल्यावर मी मुद्दाम तळटीपांचेच काम काढले. कर्सर एकदाही अडला नाही, आणि त्याला आता दोन महिने होऊन गेले.

माऊसवरचा राग गेला, कंपनीवरचा नाही. खोक्यात अनेक भाषांतली घडीपत्रिका आहे, बॅटरी कशी टाकून द्यावी याची चित्रे आहेत, मात्र रिसीव्हर हार्ड डिस्कच्या केबलजवळ लावू नये हे एक वाक्य नाही. फोनवरच्या माणसालाही ‘शेजारी काय जोडले आहे?’ एवढे विचारता आले असते. माझे कुरिअर आणि केबल धरून २०० रुपये गेले, सतरा दिवस गेले आणि ती केबल त्यांनी खोक्यात घातली असती, तर मी ७५० रुपयेही दिले असते. म्हणून माऊसला चार तारे आणि सेवा केंद्राला एक, तोही माऊस न हरवता परत पाठवल्याबद्दल.