सात महिने टॉम अँड जेरी : या वेळी मी बोक्याच्या बाजूने

सबस्क्रिप्शन घेतलं होतं सासूबाईंच्या मालिकांसाठी. त्यात टॉम अँड जेरी सापडलं आणि तेव्हापासून रात्री जेवणं झाली की मी आणि माझी सहा वर्षांची लेक रोज एक-दोन भाग बघतो. भाग जेमतेम सहा-सात मिनिटांचा, त्यामुळे 'आता झोपायचं' म्हणणंही सोपं. शाळेतून आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता केबलवर मी हेच बघायचे. तेव्हा मी पूर्णपणे उंदराच्या पार्टीत होते.

आता नाही. १९४० सालचा अगदी पहिला भाग घ्या. (त्यात टॉमचं नाव जॅस्पर आहे.) घर सांभाळणारी बाई बोक्याला दम देते, आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर! उंदराला एवढंच हवं असतं. तो ग्लास घेऊन काठावर उभा राहतो आणि बोक्याला घाम फुटतो. लहानपणी यावर लोळून हसायचे, आता मला मार्चअखेरचं ऑफिस आठवलं. लेक म्हणाली, "आई, त्याला हाकललं तर तो जेवणार कुठे?" मी भाग थांबवून पाणी प्यायला उठले.

खरा शोध लागला तो आवाज बंद केल्यावर. धाकटा नुकताच झोपला होता म्हणून एक भाग मुका पाहिला, आणि मजाच गेली. टॉम चवड्यांवर चालतोय हे दिसत होतं, पण ते चालणं चोरटं वाटेना. दुसऱ्या दिवशी तोच भाग आवाजासकट लावला. प्रत्येक पावलाला एक सूर, पाय घसरला की सुरांचीही घसरगुंडी. ही करामत स्कॉट ब्रॅडली या संगीतकाराची. या दोघांना संवाद जवळपास नाहीतच, बोलायचं काम ऑर्केस्ट्राच करतो. टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळी मात्र खुद्द विल्यम हॅनांची, म्हणजे जोसेफ बार्बेरांबरोबर ज्यांनी ही जोडी घडवली त्यांचीच. टॉम पियानोवर फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची रचना वाजवतो तो १९४७ चा भाग आम्ही किमान दहादा पाहिला असेल. मी चार वर्षं पेटी शिकले, पण बोक्याची बोटं सुरांबरोबर इतकी नेमकी पडतात हे लहानपणी दिसलंच नव्हतं.

आता खटकलेलं. घर सांभाळणाऱ्या त्या बाईचं चित्रण कृष्णवर्णीय मोलकरणीच्या ठरावीक साच्यातलं आहे. स्फोट झाला की पात्राचं तोंड काळं दाखवून कृष्णवर्णीयांवर केलेले विनोदही आहेत. लहानपणी त्यातलं काही कळलं नव्हतं, आता लेकीशेजारी बसून बघताना अवघडायला होतं. ते भाग मी टाळले नाहीत, पण मध्ये थांबून बोलावं लागलं. शिवाय ॲपवर भागांचा क्रम इतका विस्कटलेला, की सलग बघायचं तर वही घेऊनच बसावं लागतं.

वहीमुळे एक कळलं. लहानपणी काही भाग 'डुप्लिकेट' वाटायचे, त्याला कारण होतं. हॅना-बार्बेरांचे चित्रपटगृहांसाठीचे ११४ भाग १९५८ पर्यंतचे, टॉम अँड जेरीला मिळालेले सातही ऑस्कर त्यांतल्याच भागांना. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ भाग केले. हालचाली झटके खाणाऱ्या, आवाज रिकाम्या टाकीत भांडं पडल्यासारखे. त्यानंतर चक जोन्स यांचे ३४. चित्रं देखणी, टॉमच्या भुवया जाड, पण मारामारीत जोर नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी चाळिशीच्या दशकातलेच भाग आधी बघावेत.

हे सगळं मी लेकीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. आता रोज रात्री रिमोट माझ्या हातात देऊन म्हणते, "तो टाकीवाला लाव."