दारू सुटली, पण तोल गेलेला: देवपूरच्या फिजिओथेरपी सेंटरचा अनुभव

माझे मोठे भाऊ आप्पा. दारू सोडली तरी चालताना झोकांड्या जायच्या. शिंदखेड्याकडचं आमचं गाव. लोक म्हणायचे, लपूनछपून घेतच असतील. वहिनींना ते फार लागायचं. धुळ्याला देवपुरातल्या या सेंटरमध्ये पहिल्यांदा कोणी नीट समजावून सांगितलं.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आप्पांना नाकाला बोट लावायला सांगितलं, बरोबर लागलं. मग आडवं करून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरकवायला लावली. टाच सारखी घसरे. दारूनं आणि थायमिनच्या, म्हणजे बी-१ च्या, कमतरतेनं लहान मेंदूचा मधला, वरचा भाग झिजतो. धड आणि पाय तोच सांभाळतो, म्हणून हात ठीक आणि पाय फसवे. त्यात तळपाय बधिर, म्हणून डोळे मिटले की आप्पा डुलायचे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण दारू कायमची बंद ठेवली तर मेंदूचे इतर भाग थोडं काम उचलतात, सुधारणा कित्येक महिने होत राहते, हेही मॅडमनी तेव्हाच सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही, म्हणून माझा विश्वास बसला.

व्यायाम फ्रेंकेल पद्धतीचे. फरशीवर पावलांच्या खुणा, नजर पायावर, आकडे मोजत सावकाश पाऊल. "आप्पा, घाई नको, टाच टेकू द्या." बांधावरून चालायचंय म्हटल्यावर मॅडमनी फरशीवरची चालायची पट्टी अरुंद केली आणि हातात पाण्याचा तांब्या दिला! आता आप्पा काठी घेऊन बांधावर जातात. एकदम वळताना तोल अजून जातो, पण "आते जमस", आता जमतं, म्हणतात.

पिऊन आलेल्याला इथे व्यायाम देत नाहीत. औषधही देत नाहीत, आधी मेंदूच्या डॉक्टरांचा कागद मागतात. माणूस बरळत असेल, डोळे नीट फिरत नसतील, तर इथे न येता थेट दवाखाना गाठा. तेव्हा थायमिनचं इंजेक्शन तातडीनं लागतं.

एक तक्रार आहे. सेंटर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. तोल गेलेली माणसं इथे येतात. मालकांशी बोलून दुसऱ्या बाजूलाही कठडा लावून घ्याच. तोवर पेशंटसोबत दोघांनी जावं.